पायलट मासा शार्कच्या पुढं का पोहतो? (लेकीच्या तक्त्यावरून पडलेला प्रश्न)

लूमवाला_अशोक_चौक | शुक्रवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. थोरली लेक नववीत आहे. शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, तिनं विषय घेतलाय 'सहजीवन'. दोन दिवस झाले, बाहेरच्या खोलीत कार्डशीट पसरून बसलीय. मधोमध मोठा शार्क, त्याच्या नाकापुढं दोन पट्टेरी मासे, आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलंय : 'पायलट मासा शार्कला शिकारीची वाट दाखवतो, म्हणून शार्क त्याला खात नाही.'

काल मी कारखान्यातून आलो, हातपाय धुऊन जेवायला बसलो तर म्हणाली, "पप्पा, शार्कला रक्ताचा वास लांबून येतो म्हणतात. मग त्याला वाट दाखवायला मासा कशाला लागतो?" मी घास हातात धरून बसलो. प्रश्न बरोबर आहे तिचा. शाळेत विचारलं तर 'पुस्तकात आहे तेवढंच लिही' असं उत्तर मिळालं म्हणे.

आपल्या सोलापुरातनं समुद्र म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेसची एक रात्र. मी मासे बघितले ते उजनीची चिलापी, मरळ, फार तर रोहू. शार्कचं मला काय माहीत असणार? पण लेकीनं तक्त्यावर चुकीचं लिहू नये असं मनापासून वाटतं. इथं जाणती माणसं आहेत. हा मासा खरंच वाट दाखवतो का, आणि शार्क त्याला का सोडतो, नीट सांगा. सोमवारी तक्ता द्यायचाय.

---

होटगी_रोड | शुक्रवार, रात्री १०:३४

दादा, बैलगाडीखाली चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढालोय. हे तसलंच असणार. पुढं पोहतो म्हणून माणसांनी त्याला पायलट केलं. पोरीचं डोकं चांगलं चालालंय, तिला अडवू नका.

---

जीवशास्त्राची_मॅडम | शुक्रवार, रात्री ११:०५

मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. तुमच्या मुलीचा प्रश्न ऐकून खूप आनंद झाला, म्हणून आत्ताच लिहायला बसले.

आधी नावाची गोष्ट. या माशाचं शास्त्रीय नाव नॉक्रेटिस डक्टर. 'नॉक्रेटिस' हा ग्रीक शब्द, अर्थ जहाजाचा धनी. 'डक्टर' लॅटिन, म्हणजे पुढं होऊन नेणारा, आणि तो शब्द लिनियसनं १७५८ साली दिला. जुन्या खलाशांना हे मासे जहाजाच्या नाळेपुढं पोहताना दिसत. वाट चुकलेल्या जहाजाला हे किनाऱ्याकडं नेतात अशी त्यांची श्रद्धा होती. तीच समजूत पुढं शार्कला चिकटली. म्हणजे 'वाटाड्या' ही कल्पना मुळात शार्क बघून सुचलेली नाही, ती जहाजावरच्या माणसांची आहे.

शार्कला वाटाड्याची गरज नाही हे तुमच्या लेकीनं बरोबर ओळखलं. वासाचं तर आहेच. शिवाय पाण्यातली हालचाल टिपणारी संवेदी रेषा त्याच्या दोन्ही अंगांना असते. आणि नाकाडावर बारीक बारीक छिद्रं असतात, आत जेलीसारखा पदार्थ भरलेला. त्यांतून त्याला दुसऱ्या जिवाच्या स्नायूंतली सूक्ष्म वीज जाणवते. लोरेन्झिनी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं १६७८ साली या छिद्रांचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावानं ओळखली जातात. एवढी साधनं अंगावर असलेल्या प्राण्याला वीतभर-हातभर मासा काय दाखवणार?

हा मासा साधारण फूटभर लांब, क्वचित दोन फुटांपर्यंत वाढतो. अंगावर पाच ते सात गडद उभे पट्टे. बाजारात काळसर 'हलवा' मिळतो ना, त्याच्याच कुळातला. उत्तेजित झाला की पट्टे नाहीसे होतात, अंग चंदेरी पांढरं पडतं आणि पाठीवर तीन रुंद निळे डाग उरतात. शांत झाला की पट्टे परत.

बाकीचं उद्या लिहिते, पेपर तपासायचे राहिलेत.

---

नववीची_आई | शनिवार, सकाळी ७:२०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. गेल्या वर्षी माझ्या मुलानं एका चाचणीत पुस्तकाबाहेरचं उत्तर लिहिलं. बरोबर होतं, तरी गुण कापले. पोर दोन दिवस गप्प होतं. तेव्हापासून मी त्याला सांगते, घरी काय ते विचार, पेपरात छापलेलंच लिही. दादांनी सुद्धा तक्त्यावर 'दोघांचा फायदा' एवढंच लिहावं. परीक्षक पाच मिनिटं उभे राहणार, त्यांच्यासमोर पोरीला एकटीला बोलायचंय.

---

दर्यावर्दी | शनिवार, सकाळी ९:४८

मी मूळचा रत्नागिरीकडचा, मालवाहू जहाजांवर सव्वीस वर्षं काढली, शेवटी सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून उतरलो. बायकोचं माहेर सोलापूर, म्हणून आता इथं राहतोय. हा मासा मी डोळ्यांनी पाहिलाय, तेव्हा जे पाहिलं तेवढंच सांगतो.

अरबी समुद्रात एकदा इंजिनाच्या कामासाठी जहाज थांबवलं होतं. वारा पडलेला, पाणी तेल ओतल्यासारखं. चालत्या जहाजावरनं जे कधी दिसत नाही ते थांबल्यावर दिसतं. दुपारी उजव्या अंगाला एक शार्क आला. आमच्या बाजारातली मुशी नव्हे, खोल दर्यातला मोठा, आठ-नऊ फूट असेल. छातीचे पर लांबलचक, वल्ह्यासारखे गोल टोकाचे, आणि टोकं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी. सावकाश चालला होता, त्याला कसलीच घाई नव्हती.

त्याच्याबरोबर सहा-सात पट्टेरी मासे. दोन अगदी नाकाडापुढं, वीतभर अंतरावर. बाकीचे पोटाखाली आणि पाठीवरच्या पराच्या मागं. मी कठड्याला रेलून चांगला तासभर बघत होतो. मला सगळ्यात लक्षात राहिलं ते हे : शार्क डावीकडं वळला की पुढचे दोन्ही मासे एका क्षणात वळायचे. पण आधी वळायचा तो शार्क. मासे मागाहून. अंतर इतकं कमी की नीट पाहिलं नाही तर वाटावं मासे वळले म्हणून शार्क वळला. तासाभरात एकदाही मासा आधी वळलेला मी पाहिला नाही.

मग भटारखान्यातनं उष्टं टाकलं. शार्क वर आला, तोंड मारलं, आणि जे तुकडे सुटले त्यांच्यावर हे मासे तुटून पडले. तेवढ्या वेळात त्यांची रांग मोडली. खाऊन झालं की परत आपापल्या जागी. पुढचे दोन पुढं, पोटाखालचे पोटाखाली.

---

वेळापूरकर | शनिवार, सकाळी १०:३०

काका, तुमचं वाचून मला आमच्या गावची पालखी आठवली.

माउलींची पालखी आमच्याकडं मुक्कामाला असते. पालखी यायच्या दोन-तीन तास आधी चहावाले, फुगेवाले, चपला शिवणारे पुढं येऊन रस्त्याच्या कडेला बसतात. दिंड्या पुढं सरकल्या की हे गुंडाळतात आणि परत पुढं पळतात. रस्त्यावर उभं राहून नवख्या माणसानं बघितलं तर त्याला वाटेल, ह्यांच्या मागनं पालखी चाललीय. पण चहावाला पालखीला वाट दाखवत नाही. पालखी कुठनं जाणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो पुढं असतो.

माशाचं तेच नसेल काय?

---

लूमवाला_अशोक_चौक | शनिवार, दुपारी १:१५

वेळापूरकर, हे मी तिला वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे पुढं असणं आणि पुढारी असणं वेगळं." तिच्या वहीत लिहून घेतलं तिनं.

सारंगकाका, तुमचं वर्णन तिनं तीनदा वाचलं. चित्रातले दोन मासे आता तिनं नाकाडाच्या आणखी जवळ आणलेत आणि पोटाखाली चार नवे काढालीय.

पण दुसरा प्रश्न तसाच राहिला. पोटाखाली घास आहे आणि शार्क खात नाही. का?

---

बाळीवेस | शनिवार, दुपारी २:००

तो मासा शार्कच्या अंगाला चिकटून बसतो ना? डोक्यावर चकती असते, व्हिडिओत बघितलंय मी. चिकटलेल्याला खाणार कसा, तोंडच पोचत नाही.

---

जीवशास्त्राची_मॅडम | शनिवार, दुपारी ४:४०

बाळीवेस, तुम्ही म्हणताय तो रेमोरा. वेगळा मासा, वेगळं कूळ. हा घोटाळा इतका होतो की तक्त्यावर दोन्ही शेजारी शेजारी काढले तर फार बरं होईल. रेमोराच्या डोक्यावर जी लांबट चकती दिसते ती मुळात त्याचा पाठीवरचा पर. उत्क्रांतीत सरकत सरकत डोक्यावर आला आणि त्याची चूषक चकती झाली. खिडकीच्या झडपांसारख्या आडव्या पट्ट्या असतात तिच्यात. मागं ओढलं तर पकड घट्ट होते, आणि रेमोरा स्वतः पुढं सरकला की सुटते. म्हणून शार्क कितीही जोरात गेला तरी तो निसटत नाही. रोमन लोकांना वाटायचं की हा मासा चिकटला की जहाज जागच्या जागी थांबतं. 'रेमोरा' या लॅटिन शब्दाचा अर्थच खोळंबा.

पायलट माशाकडं यातलं काही नाही. त्याला शार्कच्या बरोबरीनं स्वतःच्या बळावर पोहावं लागतं. मग तो हे का करतो? एक तर सारंगकाकांनी सांगितलेले उष्टे तुकडे. दुसरं, शार्कच्या कातडीवर कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक परजीवी बसतात, ते तो टिपतो. तिसरं जरा ओंगळ वाटेल, पण लेकीला सांगा : शार्कची विष्ठासुद्धा खातो. चौथं संरक्षण. एवढ्या मोठ्या शिकाऱ्याच्या अंगाशी असलेल्या माशावर दुसरं कोण झडप घालणार? आणि पाचवं पोहण्याची बचत. मोठं अंग पाणी रेटत पुढं जातं तेव्हा त्याच्या भोवतीचं थोडं पाणी त्याच्याबरोबर ओढलं जातं, त्या पाण्यात राहणाऱ्या छोट्या माशाला कमी कष्ट पडत असावेत असं मानतात. ऊसाच्या ट्रॉलीमागं सायकल घातली की वारा लागत नाही, तसं काहीसं.

आता शार्क का खात नाही. 'उपकार जाणतो म्हणून' हे उत्तर मी माझ्या विद्यार्थ्यांनाही देऊ देत नाही. हा मासा अत्यंत चपळ. पाच-सात फुटांच्या अंगाला वळवून त्याच्या मागं लागायचं, तर जेवढं बळ खर्च होईल तेवढं त्या घासातनं परत येणार नाही. त्यातून अंगावरचे परजीवी कमी होत असतील तर त्याला हाकलण्याचं कारणही नाही. दोन्ही बाजूंनी साधा हिशेब आहे. मैत्री हा शब्द आपण आपल्याकडनं घालतो.

आणखी एक. 'सहजीवन' म्हणजे गोडीगुलाबी, असा समज शाळेपासून होतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७९ साली ही संज्ञा रूढ केली तेव्हा त्यांचा अर्थ होता, वेगवेगळ्या जातींच्या जिवांनी एकत्र राहणं. बस एवढंच. त्यात परजीवीसुद्धा धरले होते. म्हणजे म्हैस आणि गोचीड हेही सहजीवनच. एकत्र राहण्यातनं कोणाला किती मिळतं हा पुढचा प्रश्न आहे, आणि तो दर जोडीत वेगळा तपासावा लागतो.

नववीच्या आई, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण प्रदर्शन म्हणजे पेपर नव्हे. तिथं 'असं मानलं जायचं, आता असं दिसतं' एवढं म्हणायची मुभा असते. मी स्वतः परीक्षक म्हणून जाते, असं म्हणणाऱ्या मुलापाशी मी जास्त वेळ थांबते.

---

नान्नजचा_माळ | शनिवार, सायंकाळी ६:१०

मी पक्षी बघत फिरणारा माणूस. माळढोकाच्या आशेनं नान्नजला जायला लागलो, आता माळढोक दिसायचा भरवसा राहिला नाही, तरी जातो. काळवीट, चंडोल, धनगरांची मेंढरं, बघण्यासारखं पुष्कळ असतं.

दादा, लेकीला शार्क दाखवता येणार नाही, पण हेच नातं तिला हिप्परग्याच्या तळ्यावर दाखवता येईल. तुळजापूर रस्त्यानं जा, सकाळी म्हशी कडेच्या ओल्या गवतात चरायला उतरतात. प्रत्येक म्हशीच्या तोंडापाशी एखाद-दुसरा गायबगळा असतोच. म्हशीचं पाऊल पडलं की गवतातनं नाकतोडे उडतात, ते हा टिपतो. जनावराबरोबर चरणाऱ्या बगळ्याला कमी पावलांत जास्त किडे मिळतात, हे अभ्यासकांनी मोजून पाहिलेलं आहे. त्यात म्हशीचं काय जातं? काही नाही. काय मिळतं? बगळ्याकडनं फारसं काही नाही. कोतवाल पक्षी पाठीवर बसून हेच करतो, उडालेले किडे हवेत पकडतो. गोचीड मात्र कावळा आणि साळुंकी काढतात. कानाच्या मागं चोच घालतात तेव्हा म्हैस मान तिरकी करून स्थिर उभी राहते. ते बघायला सांगा तिला. एकाच म्हशीभोवती चार पक्षी, पण सगळ्यांचं नातं सारखं नाही.

---

नववीची_आई | शनिवार, रात्री ८:५५

मॅडम, तुमचं उत्तर मुलाला वाचायला दिलं. काही बोलला नाही, पण नंतर येऊन विचारलं, "आई, रेमोरा मागं ओढला तर घट्ट होतो, मग मेलेल्या शार्कवरनं तो सुटतो का?" बऱ्याच महिन्यांनी त्यानं घरात असं काही विचारलं.

---

जीवशास्त्राची_मॅडम | शनिवार, रात्री ९:१२

सुटतो. शार्क जिवंत असो वा मेलेला, रेमोरा स्वतः पुढं सरकला की पकड सैल होते. त्याला माझ्याकडनं शाबासकी द्या.

---

दर्यावर्दी | शनिवार, रात्री १०:२०

एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

त्या पांढऱ्या टोकांच्या शार्कविषयी जुने खलाशी सांगायचे की पूर्वी मोकळ्या दर्यात थांबलेल्या जहाजापाशी हा हटकून यायचा. माझ्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत मी एकही पाहिला नाही. मोठ्या जातींमध्ये एके काळी हा सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी होता. ट्यूना पकडायला मैलोन्‌मैल गळ सोडतात, त्याला हा लागतो, आणि त्याच्या परांना सूपसाठी मोठी किंमत येते. आता तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. २०१३ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालायचं ठरलं. आपल्या देशात देवमुशाला, म्हणजे व्हेल शार्कला, २००१ साली कायद्याचं संरक्षण मिळालं. गुजरातच्या किनाऱ्यावर जिथं त्याची शिकार व्हायची, तिथलेच मच्छीमार आता जाळं कापून त्याला सोडतात. म्हणजे जमतं. ठरवलं की जमतं.

गळाला लागलेला शार्क वर ओढताना त्याच्याबरोबरचे पायलट मासे पाण्याच्या वर येईपर्यंत सोबत येतात. शार्क डेकवर गेला की ते तिथंच बाजूला गोल गोल फिरत राहतात. मी एका मासेमारी बोटीवरच्या दोस्ताकडनं हे ऐकलं होतं आणि तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. मॅडम म्हणतात ते बरोबर असेल, हिशेबच असेल. तरी मला ते फिरणं विसरता येत नाही.

---

जीवशास्त्राची_मॅडम | शनिवार, रात्री १०:५१

काका, विसरू नका. मी हिशेब म्हणाले तो त्यांच्या बाजूचा. आपल्याला काय वाटावं ते त्यानं ठरत नाही.

त्या माशांचं पुढं काय होतं तेही सांगते. ते दुसरं कोणीतरी शोधतात. मोठं कासव, पाकट, तरंगता ओंडका, जहाज. लहान असताना तर हे शार्कपाशी नसतातच, जेलीफिशच्या झालरीखाली नाहीतर वाहत्या शेवाळाखाली आसरा घेतात. भूमध्य समुद्रात मच्छीमार पाण्यावर तराफे सोडतात, त्यांच्या सावलीतही जमतात आणि तिथं पकडले जातात. म्हणून शार्क अतिसंकटग्रस्त असला तरी पायलट मासा आज धोक्यात नाही. त्याला मोठ्या अंगाची सावली लागते, ती शार्कचीच असली पाहिजे असं नाही.

---

लूमवाला_अशोक_चौक | रविवार, सकाळी ११:३०

आत्ताच हिप्परग्याहून आलो. साडेसहाला गेलतो, थर्मासमध्ये चहा, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. लेक बांधावर बसली वही घेऊन. मी मागं बसलो, बोललो नाही.

नऊ म्हशी होत्या, बगळे त्याहून जास्त. नान्नजवाले दादा, तुम्ही सांगितलं ते अक्षरशः तसंच. एक बगळा म्हशीच्या पुढं चालत होता, अगदी तोंडापुढं, जसा काय तोच तिला नेतोय. म्हैस थांबली. तो दोन पावलं पुढं गेला, मान वळवून मागं बघितलं, आणि परत आला. लेकीनं माझा दंड इतका जोरात धरला, "पप्पा, बघितलात का, तो मागं बघून आला!" तिथला गुराखी हसून म्हणाला, "रोजचंच हाय की ते. म्हस बसली की बगळे दुसऱ्या म्हशीकडं जातेत."

साळुंकी कानात चोच घालताना म्हैस मान तिरकी करते तेही दिसलं. दोनदा.

घरी येऊन तिनं तक्त्यावरचं जुनं वाक्य कागद चिकटवून झाकलं. आधी शार्क आणि माशाच्या मध्ये सारख्या जाडीचे दोन बाण होते. आता शार्ककडनं माशाकडं येणारा बाण जाड काढलाय, माशाकडनं शार्ककडं जाणारा तुटक रेषेचा. खाली तशीच म्हैस आणि बगळा, त्यांच्यात एकच बाण. म्हैस आणि साळुंकीमध्ये दोन. नव्या वाक्यात तिनं लिहिलंय, 'पायलट मासा शार्कच्या पुढं असतो, पण वळतो शार्कच्या मागून.' सारंगकाका, हे तुमचं आहे, तिनं खाली 'एका जुन्या दर्यावर्दींनी पाहिलेलं' असं लिहायची परवानगी मागितलीय.

---

दर्यावर्दी | रविवार, दुपारी १२:०५

परवानगी कसली, लिही म्हणावं बाळा.

एकच सांगा तिला. पायलट माशाच्या शेपटीची दोन्ही टोकं पांढरी असतात, ती रंगवायची राहिली असतील. आणि शार्कच्या परांची टोकं पांढरी ठेवताना कडा सरळ नको, डागाळलेली, फिकट होत गेलेली हवी. पाण्यात लांबून आधी तीच दिसतात.

---

लूमवाला_अशोक_चौक | रविवार, दुपारी १२:२०

राहिलीच होती. पांढरा रंग आणायला नवी पेठेत निघालोय.